हक फिनने फाडलेले पत्र

मार्क ट्वेन (१८३५–१९१०) यांच्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’ या कादंबरीच्या ३१व्या प्रकरणातील प्रसंग. पळून आलेल्या जिम या गुलामाचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, कळवायचा की नाही, हा तेरा-चौदा वर्षांच्या हकपुढचा पेच. कादंबरी अमेरिकेत १८८५ मध्ये निघाली. कथेचा काळ मात्र गुलामगिरी कायदेशीर असतानाचा.

मिस वॉटसन आपल्याला ८०० डॉलरना न्यू ऑर्लिन्सकडे विकणार, हे कानावर पडताच जिम पळतो. दारुड्या बापाच्या मारातून सुटलेला हक त्याला बेटावर भेटतो. मिसिसिपी नदीतून तराफ्यावरून केरोला, म्हणजे ओहायो नदीच्या संगमावर, पोचायचे आणि तिथून मुक्त राज्यांत शिरायचे, असा बेत असतो. धुक्यात केरो मागे पडते आणि तराफा दक्षिणेकडे, गुलामांच्या मुलखात खोल वाहत जातो.

हकची सदसद्विवेकबुद्धी इथे गुलामगिरीच्या बाजूने बोलते, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. जिम ही दुसऱ्याची मालमत्ता, तिला पळवणे ही चोरी आणि चोरीची शिक्षा नरक, हेच त्याच्या कानावर पडत आले आहे. १६व्या प्रकरणात तो जिमला पकडून द्यायला होडीतून निघतोसुद्धा. बंदूकधारी माणसे भेटतात तेव्हा मात्र तराफ्यावर गोरा माणूस आहे असे सांगतो आणि देवीच्या साथीचा संशय त्यांच्या मनात भरवतो. ती वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी देऊन लांब राहतात.

पुढे एक भामटा जिमला ४० डॉलरना विकून टाकतो. हक प्रार्थनेला बसतो, पण तोंडून शब्द फुटत नाही. मग तो मिस वॉटसनला पत्र लिहितो. पाप धुऊन निघाल्यासारखे वाटते. पण प्रार्थना लगेच न करता तो कागद बाजूला ठेवून विचार करत बसतो, आणि सगळे उलटते ते इथेच. चांदण्या रात्री, वादळे, हकची झोप मोडू नये म्हणून स्वतःची पाळी संपल्यावरही पहाऱ्याला बसणारा जिम, धुक्यातून हक परत आल्यावरचा त्याचा आनंद. मन कठोर करायला एकही आठवण सापडत नाही. कागद हातात धरून, श्वास रोखून तो मिनिटभर थांबतो, ‘मग नरकात जाईन’ म्हणतो आणि पत्र फाडतो.

गुलामगिरी वाईट आहे हे हकला उमगले, असा अर्थ अनेकदा लावला जातो. तो चुकीचा आहे. आपण पाप करतो आहोत, यावर त्याचा विश्वास कायम आहे. हकचा मित्र टॉम सॉयर याच्यासारखा चांगल्या घरचा मुलगा जिमला सोडवायला तयार होतो, तेव्हा टॉम हकच्या नजरेतून उतरतो. ट्वेन यांनीच १८९५ च्या टिपणात या संघर्षाचे वर्णन निकोप हृदय आणि विकृत सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर असे केले आहे. हकची निवड मोठी वाटते ती यामुळेच: आपण बरोबर आहोत, एवढा दिलासाही तिच्यात नाही.

शेवटची प्रकरणे या उंचीवर टिकत नाहीत. मिस वॉटसनने दोन महिन्यांपूर्वीच मृत्युपत्रात जिमला मुक्त केलेले असते. टॉमला ते ठाऊक असूनही तो सुटकेचा खेळ मांडतो आणि जिमला आठवडे कोंडून राहावे लागते. याच भागात जिमची स्वतःची निवड आहे, तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. पळून जाताना टॉमच्या पोटरीत गोळी घुसते. लपलेला जिम डॉक्टरच्या मदतीला बाहेर येतो आणि पकडला जातो. डॉक्टर त्याची बाजू घेतो. लोक शिव्या थांबवायचे कबूल करतात. एखाद-दोन साखळ्या तरी काढतील, अशी हकला आशा असते. ते कोणाच्या मनातही येत नाही.