माध्यमांची पदवी, तिचे कर्ज आणि तिची कमाई : पार्श्वभूमी

जनसंवाद किंवा पत्रकारितेच्या पदवीसाठी कर्ज काढावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दरवर्षी मे-जूनमध्ये उभा राहतो. बँकेचे कागद, महाविद्यालयाचे माहितीपत्रक आणि ओळखीतल्या एखाद्या बातमीदाराचा सल्ला एवढे हाताशी असते. पण खर्च आणि कमाई हे दोन आकडे एकाच कागदावर कुठेच सापडत नाहीत. पदवीची फी ठरवणारी व्यवस्था आणि पत्रकाराचा पगार ठरवणारी व्यवस्था वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या नियमांखाली वाढल्या आणि त्यांची गाठ पडली ती थेट विद्यार्थ्याच्या घरात.

मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पर्वात पत्रकाराला पदवी लागत नव्हती आणि पत्र चालवून पोट भरेल अशी अपेक्षाही फारशी कुणी करत नव्हते. ‘केसरी’ची जबाबदारी कर्जासकट अंगावर घेतलेल्या टिळकांनी चरितार्थासाठी पुण्यात कायद्याचे वर्ग चालवले आणि लातूरला जिनिंगचा कारखानाही काढून पाहिला. उत्पन्न दुसरीकडून आणायचे आणि वृत्तपत्र चालवायचे, ही त्या काळाची रीत होती. तिच्यातून पत्रकारितेला ‘व्रत’ हा शब्द चिकटला. त्या पिढीच्या बाबतीत तो शब्द शंभर टक्के खरा होता. मात्र पुढे वृत्तपत्रे नफ्याचे उद्योग झाल्यावरही नव्या बातमीदाराला कमी मानधन देताना तोच शब्द पुढे केला गेला, याची खंत वाटते.

पगाराला कायद्याचा आधार मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 मध्ये अहवाल दिला आणि 1955 मध्ये श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. त्याखाली नेमलेल्या दिवाटिया वेतन मंडळाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये रद्द केला, कारण वृत्तपत्रांची पगार देण्याची ऐपत मंडळाने नीट तपासली नव्हती. ‘ऐपत’ हा मुद्दा तेव्हापासून प्रत्येक वेतनवादात मालकांच्या बाजूने मांडला गेला. पुढे पालेकर न्यायाधिकरण आणि बच्छावत, मणिसाना ही मंडळे आली. शेवटचे मजिठिया मंडळ. त्याच्या शिफारशी केंद्र सरकारने नोव्हेंबर 2011 मध्ये अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये त्या वैध ठरवल्या. तरी अंमलबजावणी अडली, कारण ‘आहे तोच पगार आम्हाला मान्य आहे’ अशा आशयाच्या कागदांवर अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या सह्या घेतल्या गेल्या होत्या. किमान वेतनश्रेणीपेक्षा कमी पगाराला अशी सही आधार देऊ शकत नाही आणि कंत्राटी कर्मचारीही या शिफारशींच्या कक्षेत येतात, हे न्यायालयाला जून 2017 मध्ये स्पष्ट करावे लागले. मुळात 1955 चा कायदा वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरता होता. दूरचित्रवाणीच्या पत्रकाराला त्याचे छत्र कधी मिळालेच नाही. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमे आली ती 2020 च्या कामगार संहितेत, पण वेतन मंडळ नेमण्याची जुनी तरतूद त्याच संहितेने मोडीत काढली.

शिक्षणाची वाट याच काळात निराळी चालली होती. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले, पुणे विद्यापीठाचा विभाग 1964 मध्ये निघाला आणि पुढे तो ‘रानडे’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था 1965 ची. हे अभ्यासक्रम बहुधा दुसरी एखादी पदवी झाल्यावर करायचे, मुदतीने लहान आणि फीच्या मानाने हलके होते. पदवी वाया गेली तरी घर बुडत नसे.

हे चित्र 2000 च्या आसपास बदलले. मुंबई विद्यापीठाने बारावीनंतरची तीन वर्षांची मास मीडियाची पदवी, म्हणजे ‘बीएमएम’, सुरू केली. ती विनाअनुदानित असल्यामुळे अध्यापकांचे पगार विद्यार्थ्यांच्या फीमधूनच निघणार होते. शेजारच्या वर्गात बी.ए. करणारा विद्यार्थी अनुदानित फी भरत असे आणि त्याच इमारतीत, त्याच बाकांवर बसणारा बीएमएमचा विद्यार्थी त्याच्या कितीतरी पट. मागणी मात्र खरी होती. 1999 मध्ये अल्फा मराठी, 2000 मध्ये ई टीव्ही मराठी, 2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा, 2008 मध्ये आयबीएन लोकमत अशा वाहिन्या एकामागोमाग आल्या, आणि न्यूजरूममध्ये कॉपी (बातमीचा मजकूर) लिहिणारी, पॅकेज (दृश्यांसह जुळवलेली बातमी) कापणारी, थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनबरोबर फिरणारी तरुण मुले लागली. त्या आठ-दहा वर्षांत पदवी घेतलेल्यांना नोकरी लवकर मिळाली आणि त्यांची उदाहरणे पुढच्या अनेक तुकड्यांना दाखवली गेली. वाहिन्यांची संख्या स्थिरावली, छापील जाहिरातींचे उत्पन्न डिजिटलकडे सरकले, तरी माहितीपत्रकांतले चेहरे त्याच चांगल्या काळातले राहिले.

कर्जाची सोयही नेमकी याच सुमारास वाढली. त्याआधी 1963 पासून केंद्राची राष्ट्रीय ऋण-शिष्यवृत्ती होती. ते कर्ज बिनव्याजी असे आणि पुढे शिक्षकी पेशात गेलेल्याला सेवेच्या दर वर्षामागे त्यातला काही भाग माफ होई. कमी पगाराचे पण समाजाला लागणारे काम निवडणाऱ्याचा भार हलका करावा, हा विचार आपल्याकडे होता, हे आवर्जून सांगायला हवे. 2001 मध्ये भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली आणि कर्ज हा बँकेचा सर्वसाधारण व्यवहार बनला. चार लाखांपर्यंत तारण नाही, त्यापुढे जामीनदार, साडेसात लाखांवर तारण, आणि आई किंवा वडील सहकर्जदार, असा तिचा साचा रूढ झाला. 2009 पासून साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणाच्या काळातील व्याजाचे अनुदान मिळू लागले, पण ते तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरते.

हा साचा प्रत्यक्षात काय करतो, ते एका हिशेबावरून दिसते. समजा, दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे पाच लाख उचलले, व्याज 10 टक्के आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलतीचे. सवलतीच्या काळात हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असते. पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षांचे 75 हजार आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचे 50 हजार असे सरळव्याज मिळवले, तर परतफेड सुरू होते त्या दिवशी देणे सव्वासहा लाख असते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता सुमारे 8,260 रुपये येतो आणि एकूण भरणा 9 लाख 90 हजारांच्या पुढे जातो. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता सुमारे 6,720 रुपयांवर उतरतो, पण भरणा 12 लाखांवर पोहोचतो. पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, प्रशिक्षणार्थी म्हणून लागलेल्या उपसंपादकासाठी हा हप्ता म्हणजे खोलीभाड्यानंतरचा, काही वेळा त्याआधीचा, सर्वांत मोठा खर्च. तालुक्याच्या वार्ताहराची गोष्ट याहून बिकट, कारण त्याला मिळते ते मानधन आणि जाहिराती आणल्यास त्यावरचे कमिशन; बँकेला दाखवता येईल असा पगाराचा कागद त्याच्याकडे नसतोच. आलेला हप्ता मग सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांच्या खात्यातून जातो. 2020 च्या टाळेबंदीत अनेक वृत्तपत्रांनी पाने आणि माणसे कमी केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. व्याज तेव्हाही थांबले नव्हते.

अमेरिकेत हा प्रश्न आधी आणि मोठ्या प्रमाणावर आला. तिथल्या शिक्षण खात्याने ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची माहितीव्यवस्था उभी केली आणि 2019 पासून तिच्यात संस्थेबरोबर अभ्यासक्रमनिहाय कर्ज आणि कमाईही दिसू लागली. एखाद्या विद्यापीठाच्या जनसंवाद पदवीधरांचे मध्यम (म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारे) कर्ज किती आणि त्यांची मध्यम कमाई किती, हे दोन्ही आकडे तिथे शेजारी-शेजारी वाचता येतात.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी चौकट (एनआयआरएफ), केंद्र सरकारची उच्च शिक्षणसंस्थांची क्रमवारी. तिच्यासाठी महाविद्यालये नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यम पगार कळवतात, पण तो पदवीच्या मुदतीनुसार असतो, विषयानुसार नसतो. तीन वर्षांच्या पदवीच्या एकाच आकड्यात वाणिज्य, संगणकशास्त्र आणि मास मीडिया एकत्र येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही मुख्यतः याच क्रमवारीवरून संस्था ठरवते (सुरुवातीला 860) आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत देते. यादीत संस्थेचे नाव असले की कर्ज सोपे होते. त्या संस्थेच्या माध्यम विभागातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज किती कमावतात, हा रकाना मात्र त्या अर्जात नाही आणि क्रमवारीच्या तक्त्यातही नाही; प्रवेश घेणाऱ्या घराला तो आकडा विभागप्रमुखांकडे जाऊन स्वतःच मागावा लागतो.