महाराष्ट्र परिषद आणि स्टेट काँग्रेस: मवाळ-जहाल म्हणणं आता बंद करा

दरवर्षी सप्टेंबर आला की तेच. 17 ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि 16 तारखेच्या रात्री भाचीने त्याच्या भाषणाचा कागद पाठवला, "मामा, बघ ना बरोबर आहे का", आणि त्यात तेच वाक्य, महाराष्ट्र परिषदवाले हैदराबादच्या निजामाकडे अर्ज करत बसणारे मवाळ, मग स्टेट काँग्रेस आली आणि खरा लढा सुरू झाला. हे वाक्य मी आजवर कितीतरी कागदांवर खोडलंय, म्हणून एकदाच नीट लिहितो.

स्टेट काँग्रेस तुम्हाला माहितीच आहे, स्वामी रामानंद तीर्थ, सत्याग्रह, जेल, शेवटी 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. त्यात वेळ घालवत नाही. परिषद मराठी भागापुरती आणि स्टेट काँग्रेस अख्ख्या हैदराबाद संस्थानाची, तेलुगू लोकांची आंध्र महासभा तशी आपली परिषद, एवढं एका ओळीत संपतं.

खरा घोळ होतो "परवानगी" या शब्दावर.

निजामाच्या राज्यात गश्ती निशान 53 नावाचा हुकूम होता, गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. आता मला सांगा, अशा राज्यात गावोगावची माणसं एका मांडवात आणायची कशी? परिषदेने परवानगी काढली आणि आणली. 1937 ला परतूरला पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष गोविंदराव नानल. मातृभाषेतून शिक्षणाची मागणी आज वाचताना साधी वाटते, म्हणून पोरं "मवाळ" लिहून मोकळी होतात. पण जिथं उस्मानिया विद्यापीठ उर्दूत, कचेरीतला कागद उर्दूत, तिथं आमचं पोरगं मराठीत शिकेल असं भर सभेत म्हणायला छाती लागत होती राव.

आता दुसरी बाजू बघा. स्टेट काँग्रेसवर बंदी आली 7 सप्टेंबर 1938 ला, तेव्हा तिची धड स्थापनासुद्धा झालेली नव्हती! म्हणजे बंदी येण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. आणि मागणी काय होती, तर निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे निजाम गादीवर राहू दे पण कारभार लोकांना जबाबदार असू दे. याला जहाल कोणत्या हिशोबाने म्हणायचं? सरकारला खुपलं ते हे की सगळ्या रयतेच्या वतीने बोलणारी एक संघटना उभी राहतेय. तिला जातीय, म्हणजे एकाच धर्माच्या लोकांची, ठरवलं आणि बंदी घातली.

मग 24 ऑक्टोबर 1938 ला हैदराबादेत सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली. पुढे कोण? गोविंदराव नानल. तेच, परतूरच्या मांडवातले अध्यक्ष. त्याच तुकडीत आपल्या मराठवाड्याचे श्रीनिवासराव बोरीकर होते, आंध्र महासभेचे रवी नारायण रेड्डी होते. माणसं तीच होती हो, वाट कोणती उघडी आहे ते बघून चालत होती.

(आर्य समाजाचा धार्मिक हक्कांसाठीचा सत्याग्रह वेगळा, तोही त्याच सुमारास चालू होता. दोन्हींची सरमिसळ तेव्हाच व्हायला लागली होती आणि 24 डिसेंबरला स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला त्यामागे हेही एक कारण होतं. आज दोन्ही एकाच वाक्यात कोंबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.)

त्यानंतर बंदी उठली ती थेट जुलै 1946 ला. मधे नाव बदलून नॅशनल कॉन्फरन्स करायची तयारी दाखवली, तरी सरकार बधलं नाही. मग त्या सात-आठ वर्षांत मराठवाड्यात लोक कुठे जमत होते? परिषदेतच, उमरी, सेलू अशा अधिवेशनांना. स्वामीजी स्वतः परिषदेचे सरचिटणीस राहिलेले. परिषदेने ती सगळी वर्षं माणसं धरून ठेवली म्हणून बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसला गावागावात तयार कार्यकर्ते मिळाले आणि परिषद तिच्यात विलीन झाली.

भाचीच्या कागदावरचं ते वाक्य खोडलं आणि वर नानलांचं नाव आणि दोन साली लिहून दिल्या, 1937 परतूर, 1938 हैदराबाद. ती म्हणाली, "मामा, मग हे आमच्या पुस्तकात का नाही?" सकाळी झेंड्यासमोर तिने नानलांचं नाव दोनदा घेतलं.