आयर्विनला किती? सांगलीच्या पुराचे फोटो आणि त्यामागची गोष्ट

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत पाऊस किती पडला, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, 'आयर्विनला किती?' म्हणजे सांगलीतल्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. उत्तर फुटांत येतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हल्ली या आकड्यासोबत एक फोटोही येतो. पुलाचा खांब, त्यावरच्या फुटांच्या खुणा आणि खाली गढूळ कृष्णा. तो पाहून कुणी गाडी उंचावर नेऊन लावायची ठरवतं, कुणी तळमजल्यावरचा फ्रीज माडीवर चढवायला घेतं. तीसेक वर्षांपूर्वी असे फोटो घरोघरी पोचत नव्हते. त्याआधी या काठाचे फोटो कोण काढायचं आणि कशाचे काढायचं, हे पाहिलं की आजच्या पूर-फोटोंत काय आहे आणि काय राहून गेलंय, ते कळतं.

आधी नदीबद्दल थोडं. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई ओलांडते, संगम माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना. पुढे ब्रह्मनाळला येरळा आणि सांगलीच्या पायथ्याशी हरिपूरला वारणा. एवढं सगळं पाणी येईपर्यंत उतार मंदावलेला असतो. त्यामुळे सांगलीचा पूर डोंगरातल्यासारखा अंगावर धावून येत नाही. तो चढतो. घाटाच्या पायऱ्या एकेक करून जातात, मग गटारातून पाणी उलटं येतं आणि नदी अजून पात्रात दिसत असताना दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉटमध्ये घोटाभर पाणी झालेलं असतं. पूर असा दिवस दिवस चढत असल्यामुळे इथल्या माणसाला तो बघायची सवय आहे. पूर बघायला पोराबाळांसह जाणारं गाव म्हणून आम्हाला कुणी हसलं तर हसू दे. कॅमेऱ्यासाठी लागणारा वेळ या नदीने कायम दिला, एवढं खरं.

कॅमेरा मात्र नदीकडे उशिरा वळला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग सुरू झाले. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले. तिथून ही कला संस्थानांत आली ती दरबाराच्या दारातून. सांगली पटवर्धनांची, औंध पंतप्रतिनिधींचं, जवळच मिरज. राजेसाहेब, त्यांचा परिवार, पाहुणे गोरे साहेब, हत्ती-घोडे, नवी इमारत हे फोटोचे विषय. त्या वेळचं तंत्रही तसंच होतं. काचेच्या पट्टीवर ओलं रसायन लावायचं, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही. घाटावर धुणं आपटणारी बाई किंवा वल्हं मारणारा नावाडी अशा फोटोत पुसटच होणार. वाहतं पाणी तर धुक्यासारखं उमटायचं. म्हणजे रोजचं जगणं त्या फोटोंत नाही याला दरबारी आवड कारण आहेच, पण रसायनही कारण आहे.

पुढे कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली आणि पेठांत स्टुडिओ उघडले. लग्न ठरवायला मुलीचा फोटो, बाळाचा पाटावर बसवलेला फोटो, वारलेल्या म्हाताऱ्याचा भिंतीवर लावायला मोठा केलेला फोटो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमानी, बाग, एखादं तळं. खरी कृष्णा चार पावलांवर असताना लोक रंगवलेल्या पाण्यापुढे उभे राहून फोटो काढायचे, याची मला आजही गंमत वाटते. पण ते साहजिकही आहे. रोज जिथं पाणी भरायचं आणि म्हशी धुवायच्या, त्या जागेचा फोटो काढायला पैसे कोण मोजणार?

छापील चित्राची गोष्ट याच मुलखात वेगळ्या वाटेने गेली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली औंधला संग्रहालय उभं केलं. त्यांच्याच संस्थानातल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. शंकररावही मूळचे चित्रकार. खेड्यातल्या कारखान्याच्या आवारातून सचित्र मासिक निघतं आणि महाराष्ट्रभर जातं, ही त्या काळी साधी बाब नव्हती. छापायच्या प्रत्येक फोटोचा आधी धातूचा ब्लॉक करावा लागे आणि तो स्वस्त नसे. म्हणून कुठला फोटो छापायचा, याचा विचार दहादा होई.

१९२९ मध्ये आयर्विन पूल खुला झाला. तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं, ते अजून चालू आहे. दगडी कमानींचा हा पूल वाहतुकीसाठी बांधला, पण पुराच्या फोटोला त्याने मोजपट्टी दिली. नुसत्या पाण्याच्या फोटोवरून पूर किती ते कळत नाही, कमान किती उरली यावरून कळतं. पावसाळ्यात याच पुलावरून पोरं पाण्यात उड्या घेतात. पोलीस अडवतात, पोरं ऐकत नाहीत आणि तोही फोटो दरवर्षी येतो.

आपत्तीचा फोटो इथल्या लोकांना सवयीचा होण्याआधी तो कोयनेने दाखवला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि पडक्या घरांची चित्रं वर्तमानपत्रांतून गावोगाव पोचली. ती बाहेरून आलेल्या बातमीदारांनी, बाहेरच्या वाचकांसाठी टिपलेली होती.

२००५ ला हे बदलायला लागलं. मुंबई २६ जुलैला बुडाली आणि देशाचं लक्ष तिकडे असताना इथं कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली. फोटो काढले ते मुख्यतः लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी. श्रावण तोंडावर, लग्नाचा हंगाम संपलेला, कॅमेरा मोकळा. रोल ३६ फोटोंचा, त्यामुळे जपून एकेक. धुऊन हाती यायला बाजार सुरू व्हावा लागे आणि बाजारच पाण्यात. त्या फोटोंत रस्ता, चौक, दुकानाची पाटी नीट दिसते. काढणाऱ्याला ठाऊक होतं की फोटो फुकट घालवायचा नाही आणि जागा ओळखू आली पाहिजे.

२०१९ ला हातोहात मोबाइल होते. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, कापडपेठ, सगळीकडे होड्या. ड्रोनने काढलेलं गाव आपलंच आहे हे ओळखायला वेळ लागायचा. त्याच आठवड्यात काश्मीरचं कलम ३७० हटवल्याची मोठी बातमी होती. दिल्लीचे चॅनेल उशिरा फिरकले ही तक्रार तेव्हा घराघरांत होती आणि ती खोटी नव्हती. ती जागा लोकांच्या फोनने भरून काढली. कुठल्या गच्चीवर किती माणसं अडकलीत, कुठं दूध हवंय, कुठं बाळंतीण आहे, हे फोटोंवरून कळत होतं, फोनमध्ये चार्जिंग असेपर्यंत. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं बुडाली. त्यांचे फोटोही काही तासांत सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. ते कुणाच्या तरी आई-बहिणींचे होते, घरच्यांनी बघायच्या आधी गावाने बघितले. पूरपाहणीच्या होडीत हसत हात हलवणाऱ्या मंत्र्यांच्या व्हिडिओवर महाराष्ट्रभर टीका झाली, ती योग्यच होती. पण ब्रह्मनाळचे फोटो पुढे ढकलणाऱ्या आपल्या बोटांबद्दल तेवढं कुणी बोललं नाही.

पाणी ओसरल्यावरचं काम कॅमेऱ्याला जास्त जड जातं. चिखल सगळीकडे सारखाच दिसतो. गावभागातल्या ओट्यांवर गाद्या, कपाटं, देव्हारे, शिलाई मशिनं. कापडपेठेत रस्त्यावरच साड्या धुऊन दोऱ्यांवर टाकलेल्या. जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं लगदा झाली. आणि बहुतेक घरांतून एक जाडजूड अल्बम बाहेर यायचा. पानं एकमेकांना चिकटलेली, प्लॅस्टिकखाली पाण्याचे बुडबुडे, नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवरून लाल-पिवळा रंग ओघळलेला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि सुकताना शेजारच्या पानाला धरून बसतो. घाईने ओढला की चेहराच उचलला जातो. स्वच्छ गार पाण्यात बुडवून आपोआप सुटू द्यायचा, मग सावलीत, चित्राची बाजू वर करून सुकवायचा. हे तेव्हा फार थोड्यांना माहीत होतं. कडक उन्हात वाळत घातलेले अल्बम तसेच वाकडे होऊन गेले.

याच दिवसांत तलाठी पंचनाम्याला येतो. फोटो आता पुरावा होतो. पाणी किती चढलं हे भिंतीवरच्या तपकिरी रेषेवरून दाखवायचं. ती रेषा दाराच्या चौकटीशेजारी, विजेच्या मीटरसह, एकाच फोटोत घेतली तर उंची कळते. नुसती भिंत घेतली तर ती कुणाचीही असू शकते. निळी रेषा, लाल रेषा (नकाशावर आखलेल्या पूररेषा), नदीपात्रातली बांधकामं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, या सगळ्या वादांत कुणी ना कुणी फोटो पुढे करतो आणि समोरचा विचारतो, हा कुठला, कधीचा? तिथं अडतं, कारण त्याच जागेचा कोरड्या दिवसाचा फोटो नसतो.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं तेच झालं. वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आतून पाला आणि चटया. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवांपैकी बरीचशी २००५ च्या पुरात खचली होती. खचलेल्या पेवांची चित्रं बातम्यांतून आली. कंदील सोडणारा माणूस आणि काठावर बसून पोती मोजणारा दिवाणजी, हे रोजचंच म्हणून टिपायचं राहिलं. काठावरची बाकीची कामंही याच यादीत जातात: होड्यांच्या शर्यतीआधीचा सराव, नदीकाठच्या मळीतली वांगी घेऊन सकाळी पलीकडून येणारी बायामाणसं, घाटावरची धुणी.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेलं. त्या वेळी लोकांनी मदत मागायच्या फोटोंसोबत २०१९ चे जुने फोटोही नव्याने फिरवले आणि खऱ्याखोट्याचा गोंधळ झाला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाणाची नोंद गळून गेलेली असते. त्यामुळे जाणकार मंडळी दुकानाच्या पाट्या, चौकातले फ्लेक्स आणि पुलाच्या खांबावरचा आकडा बघून साल ठरवतात.