टोयोटा ८६ चे अरुंद टायर: एका वादाची पार्श्वभूमी

२०१२ मध्ये टोयोटा ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड बाजारात आल्या. चर्चा व्हायला हवी होती त्यांच्या २०० अश्वशक्तीच्या बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) इंजिनाची आणि जमिनीपासून जेमतेम ४६० मिलिमीटरवर असलेल्या गुरुत्वमध्याची. झाली मात्र टायरची. २१५/४५ आर१७ आकाराचे (रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम म्हणजे धातूचे चाक १७ इंची) मिशेलिन प्रायमसी एचपी हे टायर टोयोटाच्याच प्रियसवरही बसायचे. इंधन वाचवणाऱ्या हायब्रिडचे टायर स्पोर्ट्स कारला कसे, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

हा प्रश्न वाद ठरला, कारण त्याआधीची सगळी वाट उलट्या दिशेने जात होती. पोर्शे ९११ चे उदाहरण पुरेसे आहे. साठच्या दशकात ती आली तेव्हा चारही चाकांवर १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे वळणात शेपटी सुटायची. मग आधी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) वाढवला, नंतर रिम रुंद केले, आणि १९७३ च्या कॅरेरा आरएसमध्ये पुढे १८५ व मागे २१५ अशी वेगवेगळी रुंदी दिली. त्यासाठी मागचे फेंडर (चाकांवरचे पत्रे) फुगवावे लागले आणि तोच फुगीर आकार ९११ ची ओळख होऊन बसला. तिथे रुंद टायर ही गरज होती. पुढच्या काळात ती गरज फॅशन झाली. आजच्या कॅरेरा एसच्या मागच्या चाकांवर ३०५/३० आर२१ असतात. अशा गाड्या पाहत वाढलेल्या पिढीला २१५ चा टायर कंजुषी वाटला, यात नवल नाही.

८६ चा निर्णय मात्र विचारपूर्वक घेतलेला होता. टर्बो नको, फोर-व्हील ड्राइव्ह नको आणि फार चिकट टायरही नकोत, अशी मुख्य अभियंत्याची भूमिका होती आणि ती त्यांनी उघडपणे मांडलीही. गाडीची मर्यादा शंभराच्या आतल्या वेगातही जाणवली पाहिजे आणि ती ओलांडली तर चालकाला सावरायला वेळ मिळाला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

वळताना टायरचे तोंड एका दिशेला असते आणि तो प्रत्यक्ष जातो किंचित वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन वाढतो तशी पकड वाढत जाते, एका टप्प्यावर कमाल होते आणि मग उतरते. टायर रुंद केला म्हणून जमिनीवर टेकणारे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढत नाही. ते मुख्यतः गाडीचे वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. बदलतो तो त्याचा आकार. तो आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. कमाल पकड कमी कोनातच मिळते, स्टीअरिंगला उत्तर झटकन येते, पण टायर सुटतो तेव्हाही झटकन सुटतो. अरुंद, उंच साइडवॉलचा, मध्यम कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर आधी कुरकुरतो आणि मग हळूहळू सरकतो. ८६ ला हेच हवे होते.

विरोधकांची बाजू पोकळ नव्हती. ब्रेक दाबल्यावर चांगल्या टायरवर गाडी लवकर थांबते, आणि रस्त्यावर ही गोष्ट घसरण्याच्या मजेपेक्षा मोलाची आहे. ट्रॅकवर प्रायमसी लवकर तापून मऊ पडतो, हेही खरे. पण याची दुसरी बाजू टीकाकारांनी क्वचितच मांडली. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, होता फक्त २०५ न्यूटन-मीटर, त्यातही मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) खड्डा. मोठे, जड चाक आणि चिकट रबर बसवले की तीच गाडी मंद वाटू लागते. माझ्या मते टीका टायरच्या दर्जावर व्हायला हवी होती. ती रुंदीवर झाली आणि तिथेच चुकली.

तरी असंख्य मालकांनी टायर बदलले, बऱ्याच जणांनी केवळ गाडी उभी कशी दिसते यासाठी. इथे गणित पाहायलाच हवे. मूळ टायरचा व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर. २२५/४० आर१८ बसवला तर तो ६३७ होतो. त्रिज्या ६ मिलिमीटरने वाढली, म्हणून गाडी तेवढी वर उचलली जाते. टायरचा माथा मात्र १२ मिलिमीटरने वर जातो, त्यामुळे फेंडर आणि टायरमधली फट ६ मिलिमीटरने कमी होते. डोळ्यांना गाडी खाली बसलेली दिसते. प्रत्यक्षात गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. शिवाय स्पीडोमीटर जवळपास दोन टक्के कमी दाखवू लागतो.

२४५/४० आर१७ चा व्यास मूळच्या जवळ राहतो, ६२८. पण तो कंपनीच्या ७ इंची रिमवर बसवायचा नसतो; त्याला किमान ८ इंच लागतात. ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा त्याच्या हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून किती मिलिमीटर आत आहे ते अंतर. ४८ ऑफसेटचा ७ इंची रिम काढून ४५ ऑफसेटचा ९ इंची लावला तर बाहेरची कड २८ आणि आतली २२ मिलिमीटर सरकते. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा खांब) असल्याने आत जागा मुळातच कमी. त्यासाठी ऑफसेट ३५ वर आणला की चाक बाहेर येते, दिसते छान, पण टायरची मध्यरेषा मूळ जागेपासून १३ मिलिमीटर बाहेर जाते. मग खडबडीत रस्त्यावर ब्रेक मारताना स्टीअरिंग हाताला हिसके देते. आपल्याकडे हॅचबॅकचे टायर अपसाइझ करून घेतानाही हेच गणित लागू पडते, आणि दुकानात ते सहसा कोणी मांडत नाही.

पुढच्या घडामोडी अरुंद टायरच्या बाजूने गेल्या. माझदा एमएक्स-५ ची सुरुवात १९८९ मध्ये १८५/६० आर१४ ने झाली होती. तिसऱ्या पिढीत किमान रुंदी २०५ वर पोचली. २०१५ च्या चौथ्या पिढीत वजन घटवताना ती पुन्हा १९५/५० आर१६ वर आणली गेली. २०२१ च्या जीआर ८६ मध्ये इंजिन २.४ लिटरचे झाले, टॉर्क २५० न्यूटन-मीटरवर गेला. वरच्या श्रेणीला १८ इंची चाके आणि मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हे खरेखुरे स्पोर्ट्स टायर मिळाले. आकार होता २१५/४० आर१८. रबर बदलले, रुंदी एक मिलिमीटरही वाढवली नाही.