गॅदरिंगचं नाटक वेगळं आणि नाटक हा विषय वेगळा

सोलापुरात कुठल्याही पालकाला विचारा, तुमच्या शाळेत नाटक शिकवतात का, उत्तर ठरलेलं, "हो की, दरवर्षी गॅदरिंगला असतंय की नाटक." म्हणजे डिसेंबरात वीसेक मिनिटांचं नाटक बसवलं की नाटक शिकवून झालं असं आपण धरूनच चाललोय. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, मला दोन्ही हव्यात, पण नव्या अभ्यासक्रमात नाटक येतंय तर आत्ताच फरक समजून घेऊया, नाहीतर विषयाच्या नावाखाली परत गॅदरिंगच होणार.

गॅदरिंगचं नाटक कसं बसतं ते सगळ्यांना माहितीय. दिवाळीची सुट्टी संपली की एक सर किंवा बाई स्क्रिप्ट आणतात, खणखणीत आवाजाची आणि पाठांतर पक्कं असलेली मुलं निवडली जातात, उरलेल्यांना गावकरी नाहीतर सैनिक. ड्रेपरीवाल्याकडून कपडे येतात. हल्ली तर बऱ्याच ठिकाणी डायलॉग आधीच रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर घेतात आणि मुलं स्टेजवर नुसते ओठ हलवतात, कारण माईकचा घोळ नको आणि कुणी मध्येच विसरायला नको. सिद्धेश्वर यात्रेच्या आधी सगळं उरकायचं असतं त्यामुळे घाई असतेच. इथं सगळा जीव प्रयोगात असतो, प्रयोग देखणा झाला पाहिजे, प्रमुख पाहुणे खूश झाले पाहिजेत, आणि हे होतं तेव्हा मुलांना जो आनंद मिळतो तो खराच असतो, तो मी अजिबात कमी लेखत नाही.

विषय म्हणून नाटक असेल तर जीव प्रयोगात नसतो, तालमीत असतो. वर्गातल्या प्रत्येक पोराला काम मिळतं, आणि प्रत्येकाला प्रश्न विचारला जातो की तू हे असंच का केलंस. तू प्रेक्षकांकडे पाठ फिरवून का उभा राहिलास, हे वाक्य हळू का बोललास, इथं लाईट पिवळाच का हवा. आपल्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक, म्हणजे शरीर, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि आतून येणारा भाव. गॅदरिंगला यातलं वाचिक तेवढं घासून घेतलं जातं, आणि रेकॉर्डेड ट्रॅक असला तर तेही नाही! विषयात चारही आले, शिवाय रंगमंच किती प्रकारचे, प्रेक्षक समोर असला तर काय आणि चारी बाजूंनी असला तर काय, हेही आलं.

आपल्याच गावातलं उदाहरण घेऊ. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लावला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. गॅदरिंगला यावर नाटक केलं तर घोषणा, अटक, फाशीचा सीन, देशभक्तीचं गाणं, ब्लॅकआउट, टाळ्या. छान होतं, डोळ्यात पाणीही येतं.

आता हेच नववीच्या वर्गात विषय म्हणून घ्या. स्क्रिप्ट नाहीच. बाई सांगतात, चार-चार जणांचे गट करा आणि मार्शल लॉ लागलेल्या पहिल्या सकाळचं एक स्थिरचित्र उभं करा, कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. एका गटाचं गिरणीचं गेट, दुसऱ्याचं मंगळवार पेठेतलं दुकान, तिसऱ्याचं बंद दाराआडचं घर. मग बाई एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतात, त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते एका वाक्यात बोलायचं. नंतर एक मुलगा कुर्बान हुसेन म्हणून खुर्चीत बसतो आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात, तुम्ही 'गझनफर' हे वर्तमानपत्र का चालवत होता, घरच्यांना काय सांगितलंत, भीती वाटली का. उत्तरं द्यायची तर त्याला आधी वाचून यावं लागतं, हवेत बोलता येत नाही. मग बाई स्वतः इंग्रज अधिकारी होऊन वर्गात येतात आणि मुलांना तिथल्या तिथं त्या माणसाशी बोलावं लागतं. शिक्षकानंच भूमिकेत शिरायची ही पद्धत इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. शेवटी वहीत लिहायचं, आज काय केलं, काय जमलं नाही, उद्या काय बदलणार. यात प्रेक्षक कुणीच नाही, पाहुणे नाहीत, तरी हे पूर्ण नाटक आहे.

सोलापूरसाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक भाषेचा आहे. इथं एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारं, कन्नड बोलणारं, उर्दू बोलणारं पोर बसलेलं असतं. गॅदरिंगला मेन रोल जातो 'शुद्ध' बोलणाऱ्याकडे, आणि पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरातली एखादी हुशार पोरगी पाच वर्षं कोरसमध्येच राहते. विषयाच्या तासाला तीच पोरगी विडी वळणाऱ्या आज्जीची भूमिका करताना घरी बोलतात तशी बोलू शकते, उलट तिथं तेच बरोबर असतं कारण ते पात्र तसंच बोलणार. वाचिक अभिनय म्हणजे प्रमाणभाषा नव्हे हे तिला चौदाव्या वर्षी कळलं तर केवढं मोठं काम झालं!

मार्कांचं म्हणाल तर तिथंही दोघांचं जमत नाही. गॅदरिंगला बक्षीस असतं, तेही बहुतेक नाटकाला नाहीतर एखाद्या नटाला. विषयात प्रत्येकाला मार्क द्यावे लागतात, लाजाळू पोरालाही, आणि ते देता येतात. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत ड्रामा विषयाला 40 टक्के लेखी आणि 60 टक्के प्रात्यक्षिक काम असतं, प्रात्यक्षिकात एकट्याचं सादरीकरणही आणि गटानं स्वतः रचलेला प्रवेशही. आयसीएसईतही परफॉर्मिंग आर्ट्सखाली ड्रामा घेता येतो. आपल्या मराठी शाळांत दहावीच्या मार्कलिस्टवर नाटकाचा पेपर काही दिसत नाही. पण 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाचे चार भाग केलेत, दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य, आणि एनसीईआरटीच्या सहावीच्या 'कृति' या पुस्तकात नाट्याचा भाग आलाय, तर हे पुढच्या वर्गांतही येणारच.

बालनाट्य स्पर्धा याच्या मध्ये कुठंतरी बसते. तालीम महिनोन्महिने चालली आणि दिग्दर्शक मुलांशी बोलणारा असला तर ती विषयाच्या जवळ जाते, नाहीतर मोठं गॅदरिंगच.

मग शाळेत ॲडमिशन घेताना नाटक शिकवतात म्हणाले तर काय विचारायचं? टाइमटेबलमध्ये तास आहे का, की पीटीचा आणि चित्रकलेचा तास कापून तालीम घेतात. जूनमध्ये सुरू होतं की नोव्हेंबरात. ज्या पोरांना स्टेजवर जायचंच नाही त्यांना प्रकाश, नेपथ्य, लेखन असं काम मिळतं का, आणि त्या कामाचे मार्क आहेत का. शिकवणाऱ्याला नाटकाचं काही ट्रेनिंग आहे का. खर्चाची भीती घालू देऊ नका, एक रिकामी खोली, बाक भिंतीला सरकवलेले आणि आठवड्याला सलग दोन तास एवढ्यावर वरचं मार्शल लॉचं सगळं होतं. अडतं ते त्या सलग दोन तासांवर, कारण पस्तीस मिनिटांच्या एका तासात बाक सरकवून परत लावण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून मुख्याध्यापकांशी बोलायचं असेल तर पहिली मागणी तीच करा.