बायपोलर की बॉर्डरलाइन? आधी भिंतीवरचं कॅलेंडर आणा

“घटकेत हसते, घटकेत रडते. बायपोलर आहे ती.” हे वाक्य मी गोव्यात फोंड्याच्या बाजारात ऐकलंय, माशेलला जत्रेत ऐकलंय आणि एकदा एका डॉक्टरांच्या चिठ्ठीत जवळजवळ याच शब्दांत वाचलंय. मनोरुग्णांच्या घरच्यांना समोर बसवून आजाराची हकीकत लिहून घेणं हे माझं काम. म्हणून सांगते, मूड दिवसातून चारदा बदलत असेल तर बायपोलरचा संशय सहसा वाढत नाही, कमी होतो.

बायपोलर म्हणजे कधी उन्मादाचे (अतिउत्साहाचे, झोपेची गरज न वाटण्याचे) तर कधी नैराश्याचे काळ येऊन जाणारा आजार. उन्माद किमान आठवडाभर, सौम्य उन्माद किमान चार दिवस, नैराश्य किमान दोन आठवडे. मधल्या काळात माणूस पुष्कळदा पहिल्यासारखा. पुढे चला.

बायपोलरशी ज्याची गल्लत होते तो बॉर्डरलाइन हा व्यक्तिमत्त्व विकार, आणि पहिली खोट त्याच्या नावातच आहे. “बॉर्डरलाइन म्हणजे अजून झालेलं नाही ना, बाई? माझी शुगरपण बॉर्डरलाइनच आहे.” नाही हो. 1938 साली अॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला, तेव्हा न्यूरोसिस (वास्तवाचं भान शाबूत असलेला मनोविकार) आणि सायकोसिस (ते भान सुटलेला) यांच्या सीमेवरचे रुग्ण त्याच्या मनात होते. 1980 मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात हा विकार स्वतंत्रपणे आला. सीमा केव्हाच पुसली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आजार मात्र पुरता असतो: जवळचं माणूस सोडून जाईल ही सतत धास्ती, तेच माणूस सकाळी देव तर दुपारी वैरी, आपण नक्की कोण याचा पत्ता नाही, आत पोकळी, अनावर राग, स्वतःला इजा करणं. निकष नऊ, त्यातले पाच जुळले तरी पुरे. आकडेमोड केली तर हे निदान 256 तऱ्हांनी होऊ शकतं, आणि एकच निदान असलेल्या दोन माणसांत जेमतेम एक लक्षण सारखं असू शकतं.

आता मुद्द्याचं. घरच्यांना मी सांगते, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणा आणि त्यावर रोजचं दोन शब्दांत लिहा. अशी दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवते. माणसं ओळखू येऊ नयेत इतके तपशील बदललेत.

पहिलं डिचोलीकडच्या एका मुलाचं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या अकरा चौकोनांखाली आईने पेन्सिलीने एकच सलग रेघ ओढलेली. दोन तास झोप, तरी पहाटे ताजातवाना. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान तीन घरांना पुरेल एवढं आणलं, उसने पैसे काढून वाड्यावरच्या सगळ्या पोरांना घुमटं (आरतीला वाजवायची मातीची वाद्यं) घेऊन द्यायला निघाला. मग बरेच चौकोन रिकामे. दिवाळीपासून पुन्हा रेघ, महिनाभर, या वेळी अंथरुणातली. मी विचारलं, त्या आधी घरात काय झालं होतं? “काही नाही हो बाई. कोणी त्याला काही बोललंसुद्धा नाही.”

दुसरं एका तरुण बाईचं, नवरा बोटीवर कामाला. सासूने एकेका चौकोनात तीन-तीन नोंदी कोंबलेल्या. मंगळवार: सकाळी छान, दुपारी ताटली फेकली, रात्री लाडात. प्रत्येक नोंदीशेजारी बारीक अक्षरात कारण: ‘फोन नाही’, ‘फोन आला’, ‘फोनवर घाईत होता’. बोट बंदराला लागली की घरात ऊन, समुद्रात गेली की पाऊस.

एका कॅलेंडरवर पट्टे, दुसऱ्यावर ठिपके. उन्मादाला कधी निमित्त मिळतंही, जागरणाचं म्हणा, पण एकदा सुरू झाला की तो निमित्ताला विचारत नाही. फोन आला म्हणून संध्याकाळी ओसरत नाही. बॉर्डरलाइनमध्ये मात्र भावनेची दोरी जवळच्या माणसाच्या हातात असते, आणि लाट तासांत चढते-उतरते, फार तर दोन-चार दिवस.

आणखी एक खड्डा खास आपल्या भाषेतला. “झोप लागत नाही” हे दोघांच्याही घरचे सांगतात. मुलाला झोप लागत नव्हती म्हणजे तिची गरजच नव्हती. सुनेला झोप लागत नव्हती म्हणजे ती तळमळत होती आणि दुसऱ्या दिवशी गळून गेलेली. फाइलमध्ये दोन्हीकडे ‘झोप कमी’ लिहिलं की गाडी तिथेच चुकली. म्हणून मी झोपेचं विचारतच नाही. विचारते, सकाळी कसा उठला?

आनुवंशिकता, सुरू होण्याचं वय, उधळपट्टी, दारू यांवरून फरक शोधू नका. दोन्हीकडे पुष्कळ सरमिसळ आहे. रक्ताची तपासणी किंवा स्कॅनही निवाडा देत नाही.

ऐन नैराश्यात व्यक्तिमत्त्वाचं निदान करणं मला मुळीच पटत नाही. त्या अवस्थेत कोणीही चिकट, चिडका, परावलंबी दिसतो. व्यक्तिमत्त्व विकाराचा धागा किशोरवयापासून ओढत आणावा लागतो, आणि तो रुग्णाच्या एकट्याच्या तोंडून मिळत नाही; भाऊ लागतो, शाळेतली मैत्रीण लागते. काणकोणहून बस बदलत बांबोळीच्या इस्पितळात आलेल्या माणसाकडून हे पंधरा मिनिटांत कसं निघायचं? जागतिक आरोग्य संघटनेचं 2022 पासून लागू झालेलं वर्गीकरण मला म्हणूनच आवडतं. तिथे व्यक्तिमत्त्व विकारांचे वेगवेगळे कप्पे जवळजवळ मोडीत काढून आधी सौम्य, मध्यम की तीव्र ते विचारतात. बॉर्डरलाइन ही फक्त हवी तर मागे जोडायची शेपटी उरलीय.

घोळ महागात पडतो. बायपोलरमध्ये लिथियमसारखी मूड स्थिर ठेवणारी औषधं हा कणा, आणि नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. बॉर्डरलाइनवर मुख्य इलाज संवादोपचाराचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी त्यासाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही संवादोपचाराची पद्धत घडवली आणि तरुणपणी आपणही याच वेदनेतून गेलो हे 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. गोळ्या तिथे जोडीला. निदान चुकलं की गोळ्यांमागून गोळ्या वाढतात आणि शेवटी सगळे म्हणतात, “नाटकं करते.” या शब्दाची मला चीड आहे. इजा करून घेणाऱ्याला नाटकी म्हणण्याआधी 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. तसंच वागणारा पुरुष मात्र ‘दारुडा’ ठरून पोलीस चौकीत पोचतो, त्याचं निदान करायला कोणी बसतच नाही.

गेल्या पावसाळ्यात तिसरं कॅलेंडर आलं. त्यावर पट्टेही होते आणि पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ठिपकेही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं, निदानाच्या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि त्या मुलीच्या वडलांना विचारलं, “मागच्या वर्षीचं आहे का हो घरात, की रद्दीत दिलंत?”