स्वल्पविराम की पूर्णविराम?

कप उचलला की हात थरथरतो, चहा बशीत सांडतो, आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘कंपवात दिसतोय.’ कंपवात म्हणजे पार्किन्सन. बऱ्याचदा तो नसतोच. काम करताना थरथरणाऱ्या हाताचं दुखणं बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’ असतं. कंपवाताचा हात मांडीवर निवांत पडलेला असतानाच हलतो. जपमाळेचे मणी ओढावेत तशी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहतात. पुस्तकात हा फरक स्वच्छ आहे. ओपीडीत मात्र सुरुवातीच्या दिवसांत दोन्ही थरथरी एकाच हातात भेटतात.

साधा एमआरआय इथे सहसा काही बोलत नाही. कामाला येतो तो डॅट स्कॅन. कंपवातात मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यातल्या पेशी मरत जातात. त्यांचे लांब तंतू स्ट्रायटम या भागात पोचून तिथे डोपामिन हे हालचालींचा निरोप पोचवणारं रसायन सोडतात. सोडलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारी प्रथिनंही या तंतूंच्या टोकाशीच असतात. त्यांना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून द्यायचं, काही तास थांबायचं आणि डोक्याभोवती कॅमेरा फिरवायचा. आपल्याकडे त्यासाठी टेक्नेशियम लावलेलं ट्रोडॅट वापरतात. अमेरिकेत आयोडीन-123 वालं द्रव्य 2011 साली मंजूर झालं.

निरोगी मेंदूत मधोमध दोन ठसठशीत स्वल्पविराम उजळतात. कंपवातात आधी त्यांची शेपटी पुसली जाते आणि नुसता पूर्णविराम उरतो. तोही बहुधा एका बाजूला आधी: उजवा हात थरथरत असेल तर डावीकडचा. इसेन्शियल ट्रेमरमध्ये दोन्ही स्वल्पविराम शाबूत असतात.

माझ्या मते या तपासणीचा खरा उपयोग औषधांमुळे होणाऱ्या कंपवातात आहे. चक्कर येते म्हणून सिनॅरिझिन, पोट फुगतं म्हणून लेव्होसल्पिराइड, आणि मग जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने तीच गोळी. ही औषधं डोपामिनचा निरोप स्वीकारणारी दारं बंद करतात. माणूस संथ होतो, चेहरा कोरा पडतो, पाय घासत चालतो. पण तंतू जागेवर असल्याने चित्र ठीक येतं. गोळी थांबवल्यावर बहुतेकांची लक्षणं काही आठवड्या-महिन्यांत ओसरतात. चित्र बिघडलेलं आलं, तर मात्र गोळीने आतला कंपवातच उघडा पाडलेला असतो.

पण पूर्णविराम दिसला म्हणजे कंपवातच, असंही नाही. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी) या त्याच्या दुष्ट भावंडांतही शेपटी अशीच जाते. लेव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य औषधाला ती फारशी दाद देत नाहीत, म्हणून ती वेगळी ओळखायला हवीत. पीएसपीत मध्यमेंदू झिजतो आणि उभ्या छेदाच्या एमआरआयमध्ये लांब चोचीचा हमिंगबर्ड दिसतो. (हा पक्षी भारतात नाही, आपल्याकडे शिंजीर बघून लोक फसतात.) मात्र तो दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. मेंदू साखर कुठे कमी खर्च करतो हे दाखवणारा पेट स्कॅन त्याआधी माग देऊ शकतो.

एमएसएसाठी जपानमध्ये बरीच वापरली जाणारी एक युक्ती आहे: कॅमेरा डोक्यावरून काढून छातीवर धरायचा. कंपवातात हृदयाकडे जाणाऱ्या स्वायत्त नसांची टोकंही झडतात, म्हणून एमआयबीजी नावाचं द्रव्य दिल्यावर हृदयाची जागा अंधारी राहते. एमएसएत ती बहुधा उजळते. मधुमेह असेल किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर मात्र हा अंधार दुसऱ्याच कशाचा असू शकतो.